बिनबांगडीचा हात

वडील गेले त्या वर्षी आमच्या घरात भात शिजला तो फक्त त्यांच्या बाराव्याला. एरवी मुडलीचे कंद. रानातून खणून आणायचे, उकडायचे, मीठ लावून खायचे. मीठ संपलं की नुसतेच.

आमची वाडी कुंभारवाडा गावाच्या पलीकडं, रानात. डोंगरउतारावरचा झाडोरा तोडायचा, जाळायचा आणि त्या राखेत नाचणी पेरायची, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची शेती. कुमरी म्हणतात तिला. सरकारनं कुमरी बंद केली. रान सरकारचं झालं आणि त्याच रानात आम्ही चोर ठरलो. मग पोट कशावर भरायचं? तेच रान कंत्राटदारासाठी तोडायला मजुरीवर जायचं. वडीलही तसेच मजुरीला जात. उतारावरून सागवानाचा ओंडका खाली सोडताना दोर तुटला. मुकादम घरी सांगायला आला तेव्हा त्यानं आधी सांगितलं की ओंडका शाबूत आहे. वडलांचं मागनं सांगितलं.

मी तेव्हा सुप्याला मामाकडं राहून मराठी सातवी पास झालो होतो. आमच्या वाडीत तोवर कुणाला सही येत नव्हती. मास्तरांनी आईला निरोप धाडला, पोराला बेळगावला इंग्रजी शाळेत घाला. आईनं बेळगाव पाहिलं नव्हतं. ती कंत्राटदाराच्या बंगल्यावर गेली. मेलेल्या माणसाचं काही मागितलं नाही. पोराची शाळा मागितली.

कंत्राटदाराला सगळे धनी म्हणत. धनींनी नुकतीच मोटार आणली होती. काळी, कापडी टपाची. त्या मुलखात तसली दुसरी नव्हती. ते म्हणाले, दोघंही बंगल्यावर येऊन राहा. वर्षभर पोरानं मोटार आरशासारखी ठेवली तर पुढच्या जूनमध्ये बेळगावला शाळेत घालतो, राहायला माझ्या भावाचं घर आहे. आईनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. वाटेनं ती एकटीच हसत होती.

बंगला सुप्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. पहिल्या दिवशी धनींनी मला मोटारीपुढं उभं केलं. माझे हात पाहिले. नखं पाहिली. उजव्या मनगटात तांब्याचं कडं होतं. लहानपणी देवीतनं वाचलो म्हणून वडलांनी गावदेवाला बोलून घातलेलं. जन्मभर काढायचं नव्हतं. धनी म्हणाले, हे मोटारीला लागणार. कडं लहानपणचं, हात वाढलेला. निघेना. मुकादमानं छिन्नी आणली. दगडावर माझा हात ठेवला.

"सांभाळून तोड रे," धनी म्हणाले. "हात मोडला तर मोटार कोण पुसणार?"

ओसरीवरचे लोक हसले. कडं तुटलं. आईनं दोन्ही तुकडे उचलून पदरात बांधले. तिनं वर पाहिलं नाही.

मग सदरा काढायला लावला. सदऱ्याला गुंड्या असतात. गुंडी रंगाला घासते. म्हणून वर्षभर मी उघड्या अंगानं राबलो. माघातल्या थंडीतसुद्धा. पाहुणे आले की त्यांच्यासमोरही. माझं नाव कुणी विचारलं नाही. मला धुळ्या म्हणू लागले. आईला धुळ्याची आई. एकदा आईच विसरून मला तशी हाक मारून बसली. ओठावर हात ठेवून उभी राहिली. मी ओ दिली. तिला वाईट वाटू नये म्हणून दिली. ती ओ अजून माझ्या कानातून गेलेली नाही.

आमच्याकडची धूळ तांबडी. हाताला मऊ लागते, पिठासारखी. पण चिमटीत धरून कानाशी चोळा, करकरते. जांभ्या दगडाचा चुरा असतो तिच्यात. कोरड्या फडक्यानं ती पुसली की फडक्याखाली ते कण ओढले जातात आणि काळ्या रंगावर केसासारख्या रेघा उठतात. पांढऱ्या मोटारीवर दिसणार नाहीत. काळ्यावर दिसतात. म्हणून आधी मोरपिसांच्या झाडूनं, न दाबता, फुंकर घातल्यासारखं झटकायचं. मग वरून पाणी सोडायचं, धूळ आपोआप वाहून जाऊ द्यायची. मग ओलं फलालिनीचं फडकं, एका दिशेनं, सरळ. गोल फिरवायचं नाही. फडकं जमिनीवर पडलं तर ते परत मोटारीला लावायचं नाही. उन्हात धुवायचं नाही, डाग राहतात. मोटारीसाठी कौलारू छप्पर होतं. आम्ही मायलेक त्याच्यामागं, गवताच्या झोपडीत. पावसात आमचं छत गळायचं तेव्हा मोटारीवर मेणकापड घालायला मला उठवायचे.

काम मी चोख केलं. हे मी अभिमानानं सांगत नाही. चोख केलं कारण धनींची एक रीत होती. ते यायचे, चाकावरच्या पत्र्यावरनं एक बोट ओढायचे, बोट बघायचे. स्वच्छ असलं तर काही न बोलता जायचे. धूळ असली तर ते बोट माझ्या उघड्या छातीवर पुसायचे. मारायचे नाहीत. शिवी नाही. नुसतं बोट पुसायचं, हातरुमालाला पुसावं तसं, आणि पाहुण्यांशी बोलणं पुढं चालू. मार विसरता येतो. ते बोट मी अंगावरून कितीदा धुतलं. जात नाही.

त्या वैशाखात बेळगावचे व्यापारी पाहुणे आले होते. मी मोटार धुवत होतो. आई हंड्यातून पाणी आणून देत होती. एका पाहुण्यानं धनींना हटकलं, बाईमाणूस मोटारीजवळ कशाला, बांगड्या लागतील की. धनी म्हणाले,

"तिच्या हातात बांगड्या कुठल्या? मोटारीला रांडमुंडेचा हात चांगला. वाजत न्हाई, ओरखडत न्हाई."

ओसरी हसली. पानाची पिंक उडेपर्यंत एक जण हसला.

आईसुद्धा हसली. मी पाहिलं. तिला वाटलं, आपल्याला चांगलं म्हटलं. वडील गेल्यापासून तिचे हात अशुभ झाले होते. वाडीत हळदीला तिला कुणी बोलावत नव्हतं, कुणाच्या लेकराला तिनं काजळ लावलेलं चालत नव्हतं. आणि इथं एवढा मोठा माणूस चारचौघांत म्हणत होता की तुझा हात चांगला. रिकामा म्हणूनच चांगला. ती झोपडीत आल्यावर मला म्हणाली,

"ऐकलंस न्हवं? धनींना माझा हात चालतोय."

तिचं हसू मोडवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रानखात्याचा गोरा साहेब येणार म्हणून निरोप आला. धनी त्याला मोटारीतनं रान दाखवणार होते. नव्या कंत्राटाची गोष्ट होती. सकाळी मोटार तयार पाहिजे, असा हुकूम आला. आणि मला हिवताप भरला. आमच्या रानात हिवतापानं धरलं नाही असं माणूस नाही. दात वाजत होते, अंगावर गोणपाटं टाकून मी पडलो होतो. उठायला गेलो, पडलो. आई म्हणाली, पड तू, मी हाय की.

ती पहाटेच उठून गेली.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या घरी तांब्याचा एकच हंडा होता. सण असला, घरी मोठं माणूस यायचं असलं की आई तो चिंच लावून, चुलीतली राख घेऊन, नारळाच्या काथ्यानं घासायची. गोल गोल, जोर लावून. हंडा सोन्यासारखा निघायचा. पाहुण्याला आधी तो हंडा दिसला पाहिजे, ही आमची इभ्रत. राख आमच्याकडं घाण नव्हे. राखेत आमची नाचणी उगवते. राखेनं आम्ही दात घासतो. राखेनं घासलं म्हणजे शुद्ध झालं. साहेब येणार म्हणजे पाहुणा येणार. धनींना आपला हात चालतो. पोर तापानं पडलंय. तिनं काय करावं?

तिनं मोटार हंड्यासारखी घासली.

सूर्य वर आला तेव्हा ती झोपडीत आली. घामानं चिंब. तोंड उजळलेलं. तिला मी इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती, पुढंही पाहिली नाही.

"ऊठ, बघ की. हंड्यावानी घासलीया. तुझ्यापरीस चांगली निघालीया."

मी भिंत धरत बाहेर आलो. मोटार काळी राहिली नव्हती. टपापासून खाली सगळी करडी झाली होती. पुढच्या झाकणावर, दारांवर, चाकांवरच्या पत्र्यांवर गोल गोल रेघा, हजारो, एकात एक गुंतलेल्या. जिथं तिनं जास्त जीव लावला होता तिथं पत्रा दिसत होता. आणि ती माझ्या तोंडाकडं बघत उभी होती, मी चांगलं म्हणावं म्हणून.

धनी बाहेर आले. मागं मुकादम, दोन-चार गडी. ते ओरडले नाहीत. मोटारीपाशी आले, सवयीनं पत्र्यावरनं बोट ओढलं, बोट पाहिलं. बोट स्वच्छ होतं. मग त्यांनी आईकडं पाहिलं.

"कशानं घासलंस?"

"राखंनं, धनी. चिंच लावून. काथ्यानं."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. माझा हात चालतोय म्हणालासा."

मुकादमाला हसू आवरलं नाही. त्या हसण्यानंच सगळं झालं असं मला वाटतं. कंत्राट हातचं जाणार ते एक, पण एका रानातल्या बाईनं त्यांचीच मस्करी त्यांच्याच तोंडावर खरी मानून परत केली होती. तिला ते माहीतही नव्हतं. धनींचा चेहरा काळानिळा झाला. आई अजून पाया पडायला वाकलेली नव्हती, कारण काही चुकलंय हेच तिला अजून कळलेलं नव्हतं.

धनींनी पायानं काथ्या माझ्याकडं सरकवला.

"हिचा हात घास. कोपरापर्यंत. ह्याच राखेनं. मोटारीला काय झालं ते कळू दे हिला. घासलास तर जूनमध्ये शाळा. न्हाईतर आत्ताच्या आत्ता चालते व्हा."

मी तापानं थरथरत होतो. मी म्हणालो,

"मी न्हाई घासणार."

एवढंच म्हणालो. पुढं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. वाटलं, आता मला मारतील. मारानं मिटेल.

पण आई खाली बसली. पहाटे मोटारीपुढं बसली असेल तशीच, एक गुडघा उभा करून. तिनं काथ्या उचलला. राखेत बुडवला. वाटीतला उरलेला चिंचेचा कोळ सवयीनं हातावर लावला, आणि आपल्या डाव्या हातावर काथ्या फिरवायला लागली. गोल गोल. जोर लावून. मनगटापासून वर.

खर्र. खर्र. खर्र.

गडीसुद्धा दुसरीकडं बघायला लागले. कातडं आधी लाल झालं, मग ओलं झालं, मग राख तांबडी झाली. ती हुं की चूं करत नव्हती. तिचं लक्ष हातावर होतं, कुठं राहिलं तर नाही ना, हंड्याचा काठ बघावा तसं. मी धावलो, काथ्या धरला. तिनं सोडला नाही. माझ्याशी झोंबायला लागली.

"सोड रे. थोडंच राह्यलंय. शाळा जाईल तुझी."

थोडंच राह्यलंय.

ते ऐकलं आणि माझ्या आतलं काहीतरी एकदम थंड झालं. ताप होता, तरी थंड. मला दिसलं की धनींना हात उचलायची गरजच नाही. आम्ही आमचे आम्हीच सोलून घेतो, आणि वर विचारतो, नीट झालं का? ते बोट मी वर्षभर छातीवर घेतलं. जूनसाठी घेतलं. कडं दिलं, नाव दिलं. आता आईचं कातडं. उद्या बेळगावला त्यांच्या भावाच्या घरी शिकलो असतो तर जन्मभर त्या शाळेची पाटी तिच्या हाताच्या कातड्याची असती.

मी तिची बोटं एकेक करून उघडली. काथ्या घेतला. धनींच्या पायाजवळ ठेवला.

"मोटार तुमची," मी म्हणालो. "हात माझ्या आईचा. त्याच्यावर तुमचं काय न्हाई. शाळा पण नको तुमची."

मुकादम पुढं सरकला. धनींनी त्याला अडवलं. म्हणाले, जाऊ दे, चार दिवस उपाशी राहिले की येतील धुळ्या आणि त्याची आई.

आम्ही परत गेलो नाही.

रस्त्यानं चालताना मला भोवळ येत होती. आईनं मला एका आंब्याखाली बसवलं. स्वतःच्या हाताला कसला तरी पाला चावून लावला. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती चिडली होती. माझ्यावर.

"वरीसभर पुसलास. म्हैना राह्यला हुता. माझा हात काय, बरा झाला असता."

हे तिनं पुढं कितीदा म्हटलं. बेळगावला मी हायस्कुलात जायला लागलो तेव्हा वर्गातल्या पोरांपेक्षा मोठा होतो. फार मोठा. ती म्हणायची, त्या दिवशी गप बसला असतास तर ही वर्षं वाचली असती. माझ्या आईनं मला त्याबद्दल शाबासकी कधीच दिली नाही. ज्यांना वाटतं अशा गोष्टीच्या शेवटी आई पोराच्या पाठीवरनं हात फिरवते, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

शिकलो कसा ते थोडक्यात सांगतो. आई वाडीवर परतली, मी काही वर्षं मजुरी केली; मग बेळगावात एका खानावळीत भांडी घासायचं काम मिळालं. दोन वेळचं जेवण, माळ्यावर झोपायला जागा. भांडी घासायची कशानं? राखेनं आणि काथ्यानं. देवानं माझी मस्करी केली असं मी म्हणत नाही, देवाला मी ह्यात ओढत नाही. काम तेच मिळालं. रोज पातेल्यात हात घातला की तो आवाज. खर्र, खर्र. पातेल्याच्या बुडाशी तिचा हात दिसायचा. मी डोळे उघडे ठेवून घासायचो, कारण मिटले की जास्त दिसायचा. मग तसाच राखाडी नखांनी वर्गात जाऊन बसायचो. पुढं धारवाडला कॉलेज. तिथंही एका बोर्डिंगात तेच काम. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या पोरानं कागदावर टाक जोरानं ओढला तरी माझी मान वळायची. अजून वळते. माझ्या घरात आज काथ्या नाही. बायकोनं सुरुवातीला विचारलं, आता विचारत नाही.

आईच्या हातावर परत लव आली नाही. मनगटापासून कोपराच्या खालपर्यंत कातडं गुळगुळीत आणि फिकट राहिलं. ती तो हात पदराखाली धरायची. भाकरी थापताना मात्र लपवता येत नसे. मी तेव्हा दुसरीकडं बघत नसे. मी बघायचो.

बी.ए. झालो. आमच्या रानातला पहिला. सुप्याच्या व्यापाऱ्यांनी सत्कार ठेवला. अध्यक्ष म्हणून खुर्चीवर धनी. केस पिकलेले, अंगावर रेशमी उपरणं. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आई खाली बायकांत बसली होती. धनी बोलायला उठले. म्हणाले, हा पोरगा आमच्या घरचाच, आमच्याच मोटारीची धूळ पुसत पुसत मोठा झाला, शिक्षणाची गोडी त्याला आमच्याच बंगल्यावर लागली, आम्ही फक्त वाट दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींचे डोळे भरून आले. त्यांना ही गोष्ट फार आवडली.

मी गप्प बसलो असतो तर तीच गोष्ट राहिली असती. माझ्या पोरांनी ती शाळेत वाचली असती.

माझ्या हातात नारळ होता, खांद्यावर शाल. मी उभा राहिलो. एक क्षण वाटलं, आईला वर बोलवावं, तो हात सगळ्यांना दाखवावा. तिच्याकडं पाहिलं. तिचा हात पदराखाली होता. तो तिचा होता. पुरावा म्हणून वापरायला माझाही नव्हता. मी शाल काढून टेबलावर ठेवली. नारळ ठेवला. म्हणालो,

"ह्यांनी मला शिकवलं न्हाई. ह्यांच्या दारात माझ्या आईनं स्वतःच्या हाताचं कातडं काथ्यानं काढलं, ते हे बघत उभे होते. ती वाट सोडली तेव्हा मी शिकायला लागलो."

सभा गार झाली. मागून कुणीतरी म्हणालं, कृतघ्न हाय. कुणी म्हणालं, शिकली की ही जात अशीच फिरते. धनी उपरणं सारखं करत राहिले. मी खाली उतरलो. आई उठून उभी राहिली होती. बाहेर आल्यावर तिनं एवढंच विचारलं,

"आता कुणाच्या दारात जायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई," मी म्हणालो.

मला सरकारी नोकरी मिळत होती. कारवारला. घेतली नाही. मी वाडीवर परत आलो आणि शाळा काढली. भिंती कुडाच्या, वर गवत. पहिल्या वर्षी पोरं येईनात, कारण बंगले अजून होते, कंत्राटदार अजून होते आणि पोराला चाकरीला घातलं की घरातलं एक तोंड कमी होत होतं. मी घरोघर गेलो. काही घरांतून हाकलला गेलो. परत गेलो. आयाबायांना सांगितलं, पोर माझ्याकडं धाडा, पेज मी घालतो, पण ह्या वाडीतलं एकही पोर, एकही पोरगी, ह्यापुढं कुणाच्या बंगल्यावर जाणार नाही. विनंती म्हणून सांगितलं नाही. बजावून सांगितलं. मी जिवंत असेतोवर हे असंच चालणार.

शाळा चालू आहे. अजून एकही पोर बंगल्यावर गेलेलं नाही.